छंदाची किंमत पक्ष्यांनी का द्यावी?

निफाड तालुक्यात थंडीचा कडाका सुरू झाला की नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर दोन प्रकारचे पाहुणे येऊ लागतात. सैबेरिया आणि मध्य आशियातील गोठलेल्या प्रदेशांतून तलवार बदक, थापट्या, चक्रांग, चक्रवाक असे पक्षी हजारो किलोमीटरचे अंतर कापून येथे उतरतात. आणि त्यांच्यामागोमाग नाशिक, मुंबई व पुण्याकडून मोटारगाड्यांतून छायाचित्रकार उतरतात. पहिल्या पाहुण्यांची गणना वनखाते आणि पक्षिमित्र करीत असतात. दुसऱ्यांची गणना कोणी करीत नाही. तथापि चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवर हिवाळ्यातील एखाद्या रविवारी पहाटे जो उभा राहील त्याला त्यांची संख्या किती वाढली आहे याचा अंदाज सहज यावा. हातभर लांबीची भिंगे, लष्करी धर्तीचे हिरवे-करडे कपडे, तिकाटणी आणि चेहऱ्यावर शिकाऱ्याची अधीरता. ही मंडळी पक्ष्यांची शत्रू नव्हेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे पक्ष्यांवर मनापासून प्रेम आहे, आणि प्रश्न अवघड होतो तो नेमका येथेच.

नांदूर मध्यमेश्वरचे पक्षितीर्थ हे निसर्गाने एकट्याने घडविलेले नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी विसाव्या शतकाच्या आरंभी, ब्रिटिश अमदानीत, कालव्यांना पाणी देण्यासाठी बंधारा घालण्यात आला. पुढे वर्षानुवर्षे त्यामागे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, गाळाची बेटे तयार झाली, त्यांवर पाणकणीस व गवत माजले. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात जो तोटा होता तो पक्ष्यांच्या दृष्टीने मोठाच लाभ ठरला. डॉ. सालिम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगितले जाते. १९८६ साली येथे अभयारण्य घोषित झाले आणि २०१९ साली रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. हा मान मिळविणारे महाराष्ट्रातील हे पहिलेच स्थळ होय. नाशिककरांनी त्याचा अभिमान बाळगणे स्वाभाविक आहे. परंतु असा मान मिळाला म्हणजे प्रसिद्धी येते, आणि प्रसिद्धीबरोबर गर्दी येते.

भरतपूरचे नाव निघालेच आहे म्हणून त्या स्थळाचा पूर्वेतिहास आठवावा. आज जगप्रसिद्ध असलेले ते पक्ष्यांचे आश्रयस्थान संस्थानी काळात बदकांच्या शिकारीचे राखीव मैदान होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या शिकारीत एका दिवसात चार हजार दोनशे त्र्याहत्तर पक्षी मारले गेले, आणि हा आकडा लाज म्हणून नव्हे तर पराक्रम म्हणून दगडावर कोरून ठेवण्यात आला. तो शिलालेख आजही तेथे आहे. शिकारीची ही परंपरा ज्या साधनांनी मोडून काढली त्यांत छायाचित्रणाचा वाटा लहान नाही. बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन रानात जाता येते, एवढेच नव्हे तर त्यात अधिक कौशल्य लागते, हे छायाचित्रकारांच्या दोन पिढ्यांनी दाखवून दिले. पक्षी ओळखण्यासाठी तो मारून हातात घेतलाच पाहिजे, ही जुन्या पक्षिशास्त्राची सवय मोडण्यासही छायाचित्राने हातभार लावला.

खानदेशातील रानपिंगळ्याची कथा या संदर्भात बोलकी आहे. हा लहानसा पिंगळा १८८४ नंतर कोणा अभ्यासकाला खात्रीलायकपणे दिसलेला नव्हता. तो १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती. परंतु कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित संग्राहकाने खानदेशात काम केलेल्या जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याच्या संग्रहातील जुना नमुना पळवून त्यावर स्वतःचे नाव व खोटे स्थळ डकविले होते, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आले. खोट्या नोंदीमुळे शोध चुकीच्या प्रदेशात चालला होता. ती बाजूला सारून पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गेले, आणि तेथे एकशे तेरा वर्षांनी हा पक्षी जिवंत सापडला. तो मारण्याची गरज पडली नाही. चित्रफीत आणि छायाचित्रे पुराव्यास पुरेशी ठरली. संग्राहकाची हाव माणसाला कोठवर नेते आणि संयमी निरीक्षणाने काय साधते, या दोन्ही गोष्टी या एकाच पक्ष्याच्या चरित्रात दिसतात.

मग आज तक्रार कशाची? तक्रार आहे ती छंदाचे अर्थकारण पालटल्याची. फिल्मच्या काळात एका गुंडाळीत छत्तीस चित्रे निघत. प्रत्येक चित्राला फिल्मचा, धुलाईचा, छपाईचा खर्च होता. त्यामुळे कळ दाबण्यापूर्वी माणूस विचार करी, तासन् तास वाट पाही, आणि चांगले भिंग परवडणारे लोकही मोजकेच होते. डिजिटल कॅमेऱ्याने आणखी एक चित्र काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला. सेकंदाला दहा-वीस चित्रे काढणारी यंत्रे पगारदार माणसाच्या आटोक्यात, निदान कर्जाच्या हप्त्यांच्या आटोक्यात, आली. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की ज्या वस्तूची किंमत शून्य होते तिचा वापर बेसुमार वाढतो. येथे गफलत एवढीच झाली की किंमत शून्य झाली ती छायाचित्रकारापुरती. पक्ष्याला पडणारी किंमत होती तेवढीच राहिली. किंबहुना छायाचित्रकारांच्या संख्येबरोबर ती वाढत गेली. एकाच्या व्यवहाराचा खर्च त्या व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यावर पडतो तेव्हा त्याला बाह्य खर्च म्हणतात. कारखान्याच्या धुराचे उदाहरण पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिले जाते. पहाटे उडवून लावलेल्या बदकांच्या थव्याचे उदाहरण त्याहून वेगळे नाही.

पक्ष्याला किंमत पडते म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. कारण 'दोन मिनिटे उडाला तर काय बिघडले' असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. हिवाळी स्थलांतर करून येणाऱ्या पक्ष्याचे जीवन हे काटेकोर अंदाजपत्रक असते. दिवसाचा प्रकाश मोजका, खाद्य मोजके, आणि थंडीच्या रात्री अंगातील ऊब टिकविण्यास लागणारी शक्ती ठरलेली. पोहणे वा विश्रांती घेणे यांच्या तुलनेत उड्डाणाला, विशेषतः पाण्यावरून एकाएकी उठण्याला, कितीतरी पट अधिक शक्ती खर्ची पडते. उठलेला थवा पुन्हा उतरतो तेव्हा तो चरण्याच्या उत्तम जागी उतरेलच असे नाही. आणि उतरल्यावरही बराच वेळ मान उंचावून सावध राहण्यात जातो. म्हणजे खर्च वाढतो त्याच वेळी जमा घटते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर हे अंदाजपत्रक अधिकच ओढीचे होते, कारण परतीच्या प्रवासाची शिदोरी चरबीच्या रूपाने अंगावर साठवावी लागते. काही लहान पाणपक्षी त्या काळात आपले वजन जवळजवळ दुप्पट करतात. ही शिदोरी अपुरी राहिली तर तिचा परिणाम चापडगावला दिसत नाही. तो हिमालयापलीकडे कोठेतरी, वाटेत थकून उतरलेल्या पक्ष्याच्या मरणात, किंवा उशिरा पोहोचल्यामुळे न घातलेल्या अंड्यांत दिसतो. छायाचित्रकार तोवर पुढच्या मोसमाची आखणी करीत असतो. आपल्या हातून काही अनिष्ट घडले हे त्याला कधीच कळत नाही, म्हणून त्याच्या मनाला टोचणीही लागत नाही.

दोन मिनिटांचा त्रास हा युक्तिवाद आणखी एका कारणाने फसवा आहे. प्रत्येक जण स्वतःची दोनच मिनिटे मोजतो. सकाळच्या तीन तासांत त्याच थव्याकडे चाळीस माणसे आळीपाळीने सरकली तर चाळिसांपैकी प्रत्येकाचा हिशेब दोन मिनिटांचाच राहतो आणि थव्याची सकाळ मात्र संपून गेलेली असते. पाण्यावरचे उडते थवे पाहून ज्यांना सौंदर्याचा साक्षात्कार होतो त्यांनी ते थवे का उडाले, एवढे विचारावे. भोवत्या घिरट्या घालू लागला म्हणून वारकऱ्यांची धावपळ झाली असेल तर तो निसर्गक्रम होय. पण उजनीच्या जलाशयावर भिगवणला रोहित पक्ष्यांचे पंख पसरलेले लालगुलाबी चित्र मिळावे म्हणून नाव थेट थव्यात घालण्याचा जो प्रकार चालतो, त्याला छायाचित्रण म्हणण्यापेक्षा हाका घालणे म्हणावे. जुन्या शिकारीत हाकारे असत. येथे नावाडी असतो, आणि चांगला फोटो मिळवून दिल्याबद्दल त्याला बक्षिसी मिळते.

विणीच्या हंगामात हा उपद्रव अनर्थाला कारण होतो. गोदावरीच्या वाळवंटात, पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या बेटांवर, नदी सुरय, टिटवी व लहान आर्ली हे पक्षी उन्हाळ्यात जमिनीवरच अंडी घालतात. घरटे असे नसतेच. वाळूतील एक खळगा, त्यात खड्यांच्या रंगाची अंडी. अशा जागी अंडी उबविण्याची चिंता कमी आणि ती थंड ठेवण्याची चिंता अधिक असते. नर-मादी आळीपाळीने अंड्यांवर उभे राहून सावली धरतात. टिटवी आणि सुरय पाण्यात पोट भिजवून येतात व त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. वैशाखातल्या दुपारी हे छत्र थोडा वेळ जरी दूर झाले तरी अंड्यातील जीव भाजून मरतो. छायाचित्रकार पंधरा पावलांवर पालथा पडून वाट पाहत असतो, टिटवी डोक्यावरून आकांत करीत फिरत असते, आणि तिच्या क्रुद्ध मुद्रेचे उत्कृष्ट चित्र निघते. खाली काय घडते ते चौकटीत येत नाही. शिवाय कावळा हा माणसाच्या हालचालींवर बारीक नजर ठेवणारा पक्षी आहे. माणूस कोठे वाकला, कोठे थांबला, हे तो पाहून ठेवतो आणि माणूस गेल्यावर तेथे जाऊन पाहतो.

झाडावरील घरट्यांच्या बाबतीत आणखी एक रीत आहे. आड येणारी फांदी बाजूला बांधणे किंवा सरळ छाटणे. ती फांदी पक्ष्याने विचारपूर्वक निवडलेली असते, असे म्हटले तरी चालेल. तिच्यामुळे पिलांना ऊन लागत नाही आणि शिक्र्याला घरटे दिसत नाही. चित्र स्वच्छ येते, घरटे उघडे पडते. अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांचा विचार केला तर या निष्काळजीपणाचे मोल अधिकच डोळ्यांत भरते. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते. डायक्लोफेनॅक या गुरांच्या औषधाने विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतातील गिधाडांचा असा संहार झाला की जगात त्याला तोड नाही. पशुवैद्यकातील त्याच्या वापरावर २००६ साली बंदी आली, तरी गेलेली संख्या भरून निघालेली नाही. अशा पक्ष्याच्या कपारीसमोर ड्रोन नेऊन उभा केला आणि बिथरलेल्या पक्ष्याच्या पंखाचा धक्का लागून ते एकुलते अंडे कड्यावरून गेले, तर त्या जोडीचे वर्ष वाया गेले. ननजच्या माळढोकाचीही मादी एकच अंडे घालते. १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य केले तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याचा दोष छायाचित्रकारांवर टाकणे अन्यायाचे होईल; माळराने नांगराखाली गेली आणि विजेच्या तारा आल्या, ही त्याची मुख्य कारणे. पण जो पक्षी मोजक्या संख्येने उरतो त्याच्याच मागे कॅमेऱ्यांची गर्दी होते, कारण दुर्मीळता हीच चित्राची किंमत ठरते. हे बाजाराच्या नियमाला धरूनच आहे, आणि त्यातच धोका आहे.

पक्ष्याला समोर आणण्याच्या ज्या युक्त्या हल्ली सर्रास वापरल्या जातात त्यांत ध्वनिमुद्रित आवाज वाजविणे ही सर्वांत सोपी. खिशातील मोबाइलवर कोणत्याही पक्ष्याची हाक सापडते. नर पक्ष्याला वाटते की आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला. तो चरणे सोडून, मादी व पिले सोडून, अदृश्य शत्रूशी भांडण्यास येतो आणि फांदीवर छाती फुगवून बसतो. चित्र उत्तम मिळते. शत्रू मात्र हरत नाही आणि पळतही नाही, कारण तो यंत्रात आहे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गटाबरोबर तो पुन्हा येतो. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून वीण घालणारा तिबोटी खंड्या हा चिमुकला पक्षी अशा कौतुकाचा बळी आहे. बिळासमोर भिंगे रोखून माणसे बसतात तेव्हा चोचीत बेडकाचे पिलू वा सरडा धरलेला खंड्या फांदीवर ताटकळतो, आणि आत पिले उपाशी राहतात. चोचीत भक्ष्य धरलेल्या त्या चित्राला स्पर्धांतून वाहवा मिळते. तो पक्षी इतका वेळ फांदीवर का बसून राहिला असावा, हा प्रश्न परीक्षकांना पडत नाही.

पूर्वीचे छायाचित्रकार निष्पाप होते असे समजण्याचे कारण नाही. घरट्याजवळ लपण उभारून चित्रे घेणे हीच कैक वर्षे पक्षिछायाचित्रणाची मान्य पद्धत होती. इंग्लंडातील विख्यात छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली घुबडाच्या घरट्यापाशी एक डोळा गमावला. रात्री लपणाकडे जात असता मादीने झडप घातली. त्या काळी जोखीम निदान दोन्ही पक्षांना होती, असे कोणी गमतीने म्हणेल. पण त्याच देशाने पुढे १९८१ च्या कायद्यान्वये दुर्मीळ पक्ष्यांना घरट्यापाशी जाणूनबुजून उपद्रव देणे हा गुन्हा ठरविला आणि तेथील छायाचित्रणास परवाना आवश्यक केला. छंद जुना आहे, प्रतिष्ठित आहे, म्हणून त्याला मोकळीक द्यावी, असे तेथील छायाचित्रकारांनाही वाटेनासे झाले.

आपला कायदाही वाटतो तेवढा लेचापेचा नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत मारणे, पकडणे यांबरोबरच वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणे याचाही समावेश आहे. म्हणजे फांदी छाटून घरट्याचे चित्र घेणारा सभ्य गृहस्थ कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. अभयारण्यात ज्या कारणांसाठी प्रवेशाची परवानगी देता येते त्यांत छायाचित्रण आहे; परंतु २०२२ च्या दुरुस्तीने त्याला अधिवासात बदल न करण्याची व वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देण्याची अट जोडली आहे. अडचण कायद्याच्या अभावाची नाही, अंमलबजावणीची आहे. एका वनरक्षकाने किती काठ आणि किती बेटे पाहावीत? गंमत अशी की या गुन्ह्याचा पुरावा गुन्हेगार स्वतःच तयार करतो, त्यावर स्वतःचे नाव घालतो आणि समाजमाध्यमांवर तारीख व स्थळासह प्रसिद्ध करतो. स्थळ जाहीर झाले की पुढच्या रविवारी तेथे गर्दी लोटते. आणि पक्षी पकडून विकणाऱ्यांनाही आयती माहिती मिळते.

याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक असा की पक्षी माणसाला सरावतात. हे खरे आहे, पण कोणत्या माणसाला सरावतात ते पाहिले पाहिजे. कर्नाटकातील कोक्करेबेल्लूर या गावात चित्रबलाक व झोळीवाले गावातील झाडांवर पिढ्यान् पिढ्या घरटी करतात आणि खाली माणसांचा राबता चालू असतो. नांदूर मध्यमेश्वरलाही मासे धरणारा आपल्या वाटेने जातो, बाई गवताचा भारा घेऊन काठाने चालते, आणि बगळे मान वर करून पुन्हा चरू लागतात. ही माणसे आपल्या कामात असतात, पक्ष्याकडे रोखून पाहत नाहीत, त्याच्या रोखाने सरकत नाहीत. दबा धरून, वाकून, थांबत थांबत थेट अंगावर येणारी आकृती ही पक्ष्याच्या जातीने लाखो वर्षांत एकाच अर्थाने ओळखली आहे. छायाचित्रकार नेमका तसाच येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. नाशिक शहराचे सांडपाणी गोदावरीत जाते, जलपर्णी पाणी झाकून टाकते, बंधाऱ्यामागचा गाळ वाढतो, पाण्याची पातळी वरच्या धरणांच्या आवर्तनांवर हेलकावे खाते. ही संकटे असताना बिचाऱ्या छायाचित्रकारांना का धारेवर धरावे? उत्तर असे की त्या संकटांना शासन, महापालिका, कोट्यवधी रुपये आणि वर्षे लागतील. या उपद्रवाला मागे सरकलेली वीस पावले लागतात. शिवाय पहिल्या संकटांविरुद्ध साक्ष द्यायची तर ती छायाचित्रकारांनीच द्यायची आहे. जलपर्णीत अडकलेल्या पाण्याचे, मेलेल्या माशांचे चित्र समाजापुढे तेच मांडू शकतात. स्वतः घरटे उघडे पाडणाऱ्याने नगरपालिकेला जाब विचारला तर त्याची साक्ष दुबळी ठरणारच.

नियम कोणी करावेत आणि ते पाळले कसे जावेत, हा खरा प्रश्न. सामाईक कुरणाचा प्रत्येक जण आपल्या लाभापुरता वापर करतो आणि शेवटी कुरणच उजाड होते, असे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पहिल्या महिला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र अनेक देशांतील कुरणे, कालवे व मासेमारीची ठिकाणे अभ्यासून दाखविले की जेथे स्थानिक लोकांनी स्वतः नियम केले, देखरेख स्वतः ठेवली आणि चुकणाऱ्यास चढत्या क्रमाने दंड केला, तेथे सामाईक साधने शतकानुशतके टिकली. नांदूर मध्यमेश्वरला हे करण्याजोगी माणसे आहेत. जलाशयाकाठच्या गावांतील तरुण पक्ष्यांची नावे शिकून वाटाड्याचे काम करू लागले आहेत. दुर्बीण हाती घेऊन शंभर हातांवरचा शेकाट्या आणि तुतवार ते पुस्तकी पंडिताहून लवकर ओळखतात. या तरुणांच्या मिळकतीची रचना आज उलटी आहे. जो वाटाड्या पाहुण्याला पक्ष्याच्या अधिक जवळ नेतो त्याला अधिक बक्षिसी आणि पुढच्या वेळी पुन्हा बोलावणे. जो 'साहेब, येथून पुढे नको' म्हणतो त्याच्या हातावर ठरलेली रक्कम. त्याला नीतीचे धडे देण्यापूर्वी ही रचना पालटली पाहिजे. वाटाड्याचा मोबदला प्रवेशद्वाराशीच, पावतीने, ठरलेल्या दराने द्यावा. मोठ्या भिंगांसाठी वेगळे शुल्क आकारून त्याचा ठरावीक हिस्सा गावाकडे व वाटाड्यांच्या सामाईक निधीकडे जावा. आणि गाडी परत पाठविण्याचा अधिकार वाटाड्याला असावा, ज्याला वनखात्याने पाठिंबा द्यावा. एकदा गाडी परत गेली की मुंबईत बातमी पोहोचण्यास वेळ लागणार नाही.

लपणांची सोय ही दुसरी गोष्ट. पाण्याच्या पातळीशी, कायमची, आडोशाने जाता येईल अशी लपणे बांधली तर काठाने सरपटण्याची गरजच उरत नाही, आणि पक्षी आपण होऊन जवळ येतात. त्यात उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे आणि ऊन चढल्यावरच उठावे, असा दंडक असावा. यात धीर लागतो हे खरे. पण धीर हा या कलेचा मूळ गुण होता. तो नसेल त्याने मनोऱ्यावरून दुर्बिणीने पाहावे, पक्षी तेथूनही सुंदरच दिसतात.

स्पर्धा भरविणाऱ्यांनी आणि वृत्तपत्रांनीही आपल्याकडे पाहिले पाहिजे. चोच वासून बसलेली पिले आणि घास भरविणारी आई यांचे चित्र पहिल्या पानावर, मथळ्यात 'वात्सल्य' असा शब्द घालून, छापण्याची मराठी दैनिकांची हौस फार जुनी आहे. हे चित्र कसे मिळविले, किती अंतरावरून, आवाज वाजवून की न वाजवता, असे कोणतेही संपादकीय कार्यालय छायाचित्रकाराला विचारीत नाही. घरट्याची चित्रे न स्वीकारण्याचा साधा नियम स्पर्धांनी, महाविद्यालयांच्या निसर्गमंडळांनी आणि दैनिकांनी केला, तर अशा चित्रांची मागणीच आटेल. आणि मागणी आटली की पुरवठा आपोआप कमी होतो. अभ्यासासाठी ज्यांना घरट्यांची नोंद हवी असते ते परवानगी घेऊन काम करतात, त्यांना प्रसिद्धीची गरज नसते.

फेब्रुवारी उलटला की बदके परतीच्या वाटेला लागतील आणि मनोऱ्याकडील गर्दी ओसरेल. नंतर बंधाऱ्याचे पाणी उतरेल, वाळूची बेटे उघडी पडतील आणि सुरय आपल्या खळग्यांची जागा हेरू लागतील. चैत्र-वैशाखाचे ते दोन महिने बेटांकडील वाटा बंद ठेवण्यास खात्याला नव्या कायद्याची गरज नाही. एक फलक, एक दोरी आणि ती दोरी ओलांडणाऱ्याला हटकणारा गावातला एक माणूस एवढे पुरे. त्या माणसाचे दोन महिन्यांचे वेतन एका चांगल्या भिंगाच्या किमतीच्या तुलनेत फारच थोडे आहे. ते छायाचित्रकारांच्या संघटनांनी वर्गणी काढून दिले, तर वनखात्याने ते नाकारू नये.